स्तनाच्या कर्करोगाची तपासणी: सरकार कशाचे पैसे देतं, आपल्या पदरचं काय जातं? ठाणे-नवी मुंबईतल्या बायकांचे नेहमीचे प्रश्न

कळवा-विटावा भागातल्या बचत गटांच्या बायकांना तपासणीसाठी सोबत घेऊन जाण्याचं काम मी करते. मी डॉक्टर नाही. केसपेपरच्या रांगेत, आरोग्यमित्राच्या (सरकारी योजनेचे कागद बघणाऱ्या माणसाच्या) टेबलापाशी आणि सोनोग्राफीच्या बंद दाराबाहेर बसून जे समजत गेलं आणि बायका मला जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

पैशाचा हिशोब आधी सांगते, म्हणजे पुढची उत्तरं सोपी जातील. सरकारी दवाखान्यात हाताने केलेली तपासणी फुकट आहे. कर्करोग ठरला, तर उपचाराला वर्षाला ५ लाखांपर्यंतची महात्मा फुले योजना आहे. अडतं ते या दोन्हींच्या मधे. गाठ लागली तेव्हापासून ती कर्करोगाची आहे की नाही हे ठरेपर्यंतच्या काळात मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे), सोनोग्राफी, बायोप्सी (सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं) असं एकामागून एक येतं आणि तिथे पदरमोड करावी लागते. बायका गळतात त्या याच टप्प्यावर. म्हणून या मधल्या टप्प्याबद्दल मी जास्त लिहिलं आहे.

सरकार तपासणी फुकट करतं म्हणतात, ती नेमकी कोणती?

परिचारिकेने किंवा डॉक्टरने हाताने केलेली स्तनांची तपासणी. मशीन नाही, क्ष-किरण नाहीत. कर्करोग, मधुमेह, रक्तदाब अशा आजारांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या सगळ्यांची रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाच्या कर्करोगासाठी तपासणी व्हायला हवी. बायकांची त्यासोबत स्तन आणि गर्भाशयमुखाचीही. स्तनांची तपासणी दर पाच वर्षांनी सांगितली आहे.

याची सुरुवात आशाताईच्या फॉर्मपासून होते. त्यात तीन प्रश्न थेट आहेत: स्तनात गाठ लागते का, स्तनाग्रातून रक्त मिसळलेला स्राव येतो का, आकारात बदल झाला आहे का. हा फॉर्म बहुतेक घरांत दारात उभ्या उभ्या भरला जातो. आत सासरे टीव्ही बघत असतात, पोरं पायात घुटमळत असतात आणि बाई म्हणते, "काही नाही हो ताई, सगळं ठीक आहे." माझं कळकळीचं सांगणं आहे की आशाताई आली की तिला आत घ्या, दार लोटा, पाणी द्या आणि मग उत्तरं द्या. तिने "हो" लिहिलं तरच पुढची चिठ्ठी मिळते.

या कार्यक्रमाचा पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतो. महाराष्ट्रासाठी त्यात ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा आहे. आयकर भरणाऱ्यांकडून ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर वेगळा घेतला जातो. साबण-तेल घेताना कर तर प्रत्येक बाई भरते. त्यामुळे दवाखान्यात "फुकटचं मागायला आलो" असा चेहरा करून उभं राहू नका.

सगळ्यांची होते म्हणता, मग माझी आजवर कुणीच का केली नाही?

कारण कागदावरचं गावोगावी, वस्तीवस्तीत पोचलेलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं की स्तनांच्या कर्करोगासाठी कधी तपासणी झाली आहे का. देशभरात "हो" म्हणणाऱ्या ०.९ टक्के निघाल्या. म्हणजे शंभरात एकही पुरती नाही. वाट बघू नका. जवळच्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात, आपला दवाखान्यात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात जा आणि "मला स्तनांची तपासणी करून घ्यायची आहे" असं स्पष्ट सांगा. संकोच वाटत असेल, तर बाई डॉक्टर किंवा सिस्टर कोणत्या वारी असतात ते आधी विचारा.

मॅमोग्राफी का नाही? परदेशात तर सरकार करून देतं.

हा प्रश्न मीही बरीच वर्षं चिडून विचारायचे. "गरिबांसाठी हात आणि श्रीमंतांसाठी मशीन" असं मला वाटायचं. पूर्ण उत्तर तसं नाही.

ब्रिटनमध्ये ५० ते ७१ वयाच्या बायकांना दर तीन वर्षांनी मॅमोग्राफीसाठी बोलावतात आणि पैसे घेत नाहीत. आपल्याकडे हा आजार होणाऱ्या बऱ्याच बायका त्यापेक्षा तरुण असतात. तरुण वयात स्तनाची ऊती दाट असते, मॅमोग्राफीत ती पांढरी दिसते आणि गाठही पांढरीच दिसते. त्यामुळे गाठ हुकू शकते, किंवा नसलेली शंका निघते. शंका निघाली की पुढच्या तपासण्या आल्या, त्यांचा खर्च आला, जिवाला घोर लागतो तो वेगळाच. शिवाय एवढ्या मोठ्या देशात सगळ्यांची करायची, तर मशीनं आणि ती फिल्म वाचणारे डॉक्टर कुठून आणायचे, हाही प्रश्न आहेच.

हाताच्या तपासणीचा उपयोग किती, याचं उत्तर आपल्या शेजारी, मुंबईतच मिळालं. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांमध्ये मोठा अभ्यास सुरू केला. त्यात ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका होत्या. निम्म्यांची तपासणी प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा हाताने केली. पुढे वीस वर्षं पाठपुरावा झाला. निष्कर्ष २०२१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. तपासणी झालेल्या बायकांमध्ये आजार आधीच्या टप्प्यात सापडला. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मृत्यू कमी झाल्याचं मात्र दिसलं नाही, हेही सांगायला हवं.

म्हणजे शिकलेला हात ही कमअस्सल तपासणी नाही. पण त्या अभ्यासात तो हात दर दोन वर्षांनी फिरला होता आणि सरकारी कार्यक्रमात पाच वर्षांनी फिरतो. हे अंतर मला पटत नाही. पन्नाशी उलटलेल्या बाईने पाच वर्षं थांबू नये. केंद्रात दोन वर्षांनी पुन्हा गेलात, तर कुणी हाकलून देत नाही.

बाहेर मॅमोग्राफीला किती लागतात?

ठाणे-नवी मुंबईतल्या खासगी सेंटरमध्ये दोन्ही बाजूंच्या डिजिटल मॅमोग्राफीला साधारण दीड हजारापासून साडेतीन हजारांपर्यंत घेतात. मोठ्या रुग्णालयात आणखी जास्त. स्तनांच्या सोनोग्राफीला साधारण हजार ते अडीच हजार. थ्रीडी मॅमोग्राफी याहून महाग असते आणि प्रत्येकीला ती लागतेच असं नाही. ऑक्टोबर महिन्यात बरीच सेंटरं दर कमी करतात. नुसती नियमित तपासणी असेल, तर त्या महिन्यापर्यंत थांबायला हरकत नाही. गाठ लागत असेल, तर एक आठवडाही थांबू नका.

इथे एक घोळ नेहमी होतो. "सोनोमॅमोग्राफी" म्हणजे स्तनांची सोनोग्राफी, मॅमोग्राफी नव्हे. स्वस्त पडली म्हणून ती करून "माझी मॅमो झाली" म्हणणाऱ्या अनेक जणी भेटतात. डॉक्टरांनी चिठ्ठीवर कोणती लिहिली आहे, ते काउंटरवर वाचून दाखवायला लावा. चाळिशीच्या आत बहुधा आधी सोनोग्राफी लिहितात, चाळिशीपुढे मॅमोग्राफी, आणि गरज पडली तर दोन्ही.

ठाण्यात, नवी मुंबईत हेच कमी पैशांत कुठे होईल?

आधी एक फरक समजून घ्या, कारण आपण सगळ्यांनाच "सरकारी" म्हणतो. ठाण्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे विठ्ठल सायन्ना, हे राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं. या विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. जुन्या जागी नव्या इमारतीचं काम निघाल्यावर ते मनोरुग्णालयाच्या आवारात हलवलं होतं. तेव्हा कोणता विभाग कुठे आहे ते विचारूनच निघा. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचं आहे. वाशी, नेरूळ आणि ऐरोलीची रुग्णालयं नवी मुंबई महापालिकेची. राज्याचा तो निर्णय पालिकांच्या रुग्णालयांना आपोआप लागू होत नाही. त्यांचं स्वतःचं दरपत्रक असतं. ते बाहेरच्यापेक्षा बरंच कमी असतं आणि पिवळ्या-केशरी रेशनकार्डावर आणखी सवलत मिळते का, हे केसपेपरच्या खिडकीवरच विचारायचं.

घरून निघण्याआधी तीन गोष्टी फोनवर विचारा: मॅमोग्राफीचं मशीन चालू आहे का, ती कोणत्या वारी होते, आणि आधी सर्जिकल ओपीडीची चिठ्ठी लागते का. घरकाम करणाऱ्या बाईचा एक हेलपाटा म्हणजे एक दिवसाचा खाडा. तो पैसा कुठल्याच दरपत्रकात लिहिलेला नसतो, पण जातो तिच्याच पदरातून.

गाठ लागली आहे. आता कशाकशाला पैसे लागतील?

इथे मी माझ्या मावशीचं सांगते.

मावशी कोपरीला राहायची. आंघोळ करताना तिला डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ लागली. दुखत नव्हती. वस्तीत शिबिर झालं तिथे तिने दाखवली, त्यांनी मॅमोग्राफीची चिठ्ठी लिहून दिली. बाहेरच्या सेंटरने २,२०० रुपये सांगितले. त्या महिन्यात नातवाची फी भरायची होती. मावशीने चिठ्ठीची चौघडी केली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे खोचून ठेवली. पुढच्या महिन्यात गणपती आले, मग दिवाळी. चिठ्ठी आठ महिने तिथेच होती. मला ती सापडली तेव्हा घडीवरची शाई पुसट झाली होती आणि मावशीच्या स्तनाची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली होती. पुढे योजनेत ऑपरेशन झालं, केमो झाली, त्याला एक रुपया लागला नाही. अडलं होतं ते बावीसशे रुपयांवर. तीन वर्षांनी मावशी गेली.

म्हणून चिठ्ठी मिळाली, की त्याच दिवशी ठरवा की ही तपासणी कुठे आणि कोणाच्या पैशांनी करायची. सरकारी कार्यक्रमात गाठ सापडलेल्या बाईला उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात सर्जनकडे पाठवायचं आणि तिथेच सोनोग्राफी आणि बायोप्सी व्हायची, असं लिहिलेलं आहे. त्यामुळे केंद्रातून नुसतं "बाहेर मॅमो करून या" असं तोंडी सांगितलं, तर "मला जिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहून द्या" म्हणा. लेखी चिठ्ठी हातात असली की पुढच्या खिडकीवर वाद होत नाही.

मॅमोग्राफी-सोनोग्राफीनंतर रिपोर्टमध्ये "बायरॅड्स" आणि पुढे आकडा असतो. १ आणि २ म्हणजे काळजीचं कारण नाही. ३ असेल, तर बहुधा सहा महिन्यांनी पुन्हा बोलावतात. ४ किंवा ५ असेल, तर बायोप्सी करायची. ० म्हणजे सगळं ठीक नव्हे. चित्र अपुरं आहे, आणखी तपासणी हवी. शून्य बघून घरी गेलेली बाई मी पाहिली आहे.

बायोप्सीच्या वेळी पैसे वाचवताना दोन चुका होतात. बारीक सुईची तपासणी स्वस्त असते म्हणून तीच करून घेतात. पण तिच्यात फक्त पेशी मिळतात. आजार निघाला, तर त्याचा प्रकार ओळखायला ऊतीचा तुकडा लागतो आणि मग जाड सुईची, म्हणजे ट्रूकट बायोप्सी पुन्हा करावी लागते. एकाच्या जागी दोन खर्च. दुसरी चूक याहून मोठी. छोट्या नर्सिंग होममध्ये "आधी गाठ काढून टाकू, मग बघू" म्हणतात. निदानाआधीच अशी गाठ काढली आणि ती कर्करोगाची निघाली, तर पुढचं ऑपरेशन अवघड होतं आणि बहुतेकदा पुन्हा करावं लागतं. "आधी ट्रूकट करता येणार नाही का?" एवढं विचारायचं धाडस करा.

बायोप्सीच्या रिपोर्टनंतर आजाराचा प्रकार ओळखायला ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्या होतात. त्यांना लॅबमध्ये "आयएचसी" म्हणतात आणि बाहेर त्यांचे पैसे वेगळे घेतात. दर सांगताना लॅब नुसत्या बायोप्सीचा सांगते. "आयएचसी धरून किती?" असं विचारा. रिपोर्टसोबत काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ठोकळा मागून घ्या. तो ब्लॉक म्हणजे काड्यापेटीहून लहान प्लॅस्टिकच्या चौकटीतलं मेण, आत तुमच्या गाठीचा कण. मोठ्या रुग्णालयात गेलात की तो मागतात. नसला, तर पुन्हा सुई आणि पुन्हा पैसे. एका लॅबने आमच्या गटातल्या बाईला तीन फेऱ्या मारायला लावल्या तो द्यायला. आम्ही तिघी जणी मिळून गेलो तेव्हा दिला.

आयुष्मान कार्डावर मॅमोग्राफी होते का?

नुसती मॅमोग्राफी होत नाही. ही योजना रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. ओपीडी आणि निव्वळ निदानासाठीच्या सुट्या तपासण्या त्यात बसत नाहीत. दाखल झालात, तर दाखल होण्याआधीच्या ३ दिवसांतला आणि घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांतला संबंधित खर्च धरला जातो. महिन्यापूर्वी बाहेर केलेल्या बायोप्सीची पावती घेऊन गेलात, तर पैसे परत मिळत नाहीत, कारण योजना कॅशलेस आहे. म्हणून शंका दाट असेल, तर सगळ्या तपासण्या बाहेर उरकून मग योजनेच्या रुग्णालयात जाण्यापेक्षा पहिल्यापासून तिथेच जा.

आमचं पांढरं रेशनकार्ड आहे. महात्मा फुले योजना आम्हाला नाही ना?

आहे. हा गैरसमज ठाण्यात फार पसरलेला आहे. २०१२ साली ही योजना राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झाली, तेव्हा पिवळ्या-केशरी कार्डांपुरती होती आणि मदत दीड लाखांची होती. पुढे ती आयुष्मान भारतशी जोडली गेली. १ जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झाली, पांढऱ्या कार्डवाल्यांनाही, आणि मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख झाली. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन, केमोथेरपी, रेडिएशन त्यात आहे.

योजनेच्या रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्राचं टेबल गाठा. रेशनकार्ड आणि आधार दोन्ही लागतात, आणि दोन्हींवरचं नाव जुळायला हवं. लग्नानंतर एका कागदावर माहेरचं नाव आणि दुसऱ्यावर सासरचं, यात आमचे सगळ्यात जास्त दिवस जातात. आजार नसताना, आत्ताच हे नीट करून ठेवा. योजनेचा टोल-फ्री क्रमांक १५५३८८, आयुष्मान भारतचा १४५५५. आपल्या जवळचं कोणतं रुग्णालय कर्करोगासाठी यादीत आहे, ते तिथे विचारता येतं. यादीतल्या रुग्णालयाने योजनेतल्या उपचाराला पैसे मागितले, तर तिथेच तक्रार नोंदवा.

आम्ही खारघरला राहतो. आमचा जिल्हा रायगड. ठाण्यात चालेल का?

योजना जिल्ह्याला बांधलेली नाही. राज्यातल्या यादीतल्या कोणत्याही रुग्णालयात चालते. आशाताई आणि आरोग्य केंद्र मात्र तुमच्या पत्त्याप्रमाणे, म्हणजे पनवेल महापालिकेचं. दिघ्यापासून बेलापूरपर्यंत नवी मुंबई महापालिका आणि ठाणे जिल्हा.

टाटात थेट जाता येतं का? तिथे फार खर्च येतो का?

जाता येतं. हातात कर्करोगाचा रिपोर्ट असलाच पाहिजे असं नाही, शंका असतानाही नोंदणी होते. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये प्रतिबंधक तपासणीचा वेगळा विभाग आहे. काही त्रास नसताना तपासून घ्यायचं असेल, तर तो. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक हे टाटाचंच केंद्र. ठाण्याहून पनवेल लोकलने खारघरला उतरून पुढे बस किंवा रिक्षा. टाटा मेमोरियल केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाखाली १९६२ पासून आहे आणि त्याचा खर्च बराचसा त्या विभागाच्या अनुदानातून चालतो. नोंदणी करताना जनरल की प्रायव्हेट असं विचारतात. दोन्हींत डॉक्टर तेच, दरात मोठा फरक. लाजेखातर प्रायव्हेट सांगू नका. परवडत नसेल, तर पहिल्याच दिवशी वैद्यकीय समाजसेवकांना भेटा. ट्रस्टची मदत, मुख्यमंत्री सहाय्यता निधी, पंतप्रधान मदत निधी यांचे अर्ज कसे करायचे, हे त्यांना पाठ असतं.

गर्दी मात्र खूप असते. गाठ नुसती तपासून घ्यायची असेल आणि ठाण्यात तारीख लवकर मिळत असेल, तर पहिली सोनोग्राफी इथेच उरकणं मला शहाणपणाचं वाटतं.

नवऱ्याचा ईएसआय (कामगार विमा) कापला जातो. मला उपयोग आहे का?

आहे आणि चांगला आहे. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असलेल्या कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. बायको आणि अवलंबून असलेली आई त्यात येते. आयुष्मानसारखी दाखल होण्याची अट इथे नाही. ओपीडी आणि तपासण्याही यात आहेत. म्हणजे जो मधला टप्पा इतरत्र पदरमोडीचा आहे, तो इथे झाकला जातो. वागळे इस्टेट आणि वाशी इथे ईएसआयची रुग्णालयं आहेत. नवऱ्याच्या कार्डावर तुमचं नाव आणि फोटो चढवला आहे का, एवढं आज रात्री विचारा.

खासगी विमा आहे. त्यातून मॅमोग्राफी मिळेल?

बऱ्याच पॉलिसींमध्ये वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी असते. त्यात मॅमोग्राफी आहे का, ते बघा. सुटी तपासणी साधारणपणे मिळत नाही. पण पुढे ऑपरेशनसाठी दाखल व्हावं लागलं, तर दाखल होण्याआधीच्या ३० किंवा ६० दिवसांतला खर्च बहुतेक पॉलिसी देतात. म्हणून मॅमोग्राफी, सोनोग्राफी, बायोप्सीची मूळ बिलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी फेकू नका. नवी पॉलिसी घेतली असेल, तर पहिल्या ३० दिवसांतला आजार धरत नाहीत. गाठ लागल्यावर ती लपवून पॉलिसी घेऊ नका, दावा फेटाळला जातो. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य आहे.

आयकरात सूट?

जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. जे कलम ८०डी म्हणून आपण ओळखतो, त्यात प्रतिबंधक तपासणीसाठी ५,००० रुपयांपर्यंत, आणि तेही विमा हप्त्याच्या एकूण मर्यादेतच. तपासणीचे पैसे रोख दिले तरी चालतात, पावती हवी.

धर्मादाय रुग्णालयात गरिबांना सवलत असते ना?

असते. ट्रस्टच्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १,८०,००० आणि दुर्बल घटकांसाठी ३,६०,००० रुपये. शिवाय एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम गरीब रुग्णांच्या निधीत टाकायची असते. पाटी काचेचं दार असलेल्या पंचतारांकित दिसणाऱ्या रुग्णालयाची असली, तरी आत ट्रस्ट असू शकतो. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटा. बाहेर उभं राहून, पाटी बघून परत फिरू नका.

सोसायटीत शिबिर आहे. रक्त घेऊन किंवा थर्मल कॅमेऱ्याने कर्करोग ओळखतात म्हणे. करू का?

रक्तातल्या "सीए १५-३" सारख्या तपासण्या आजार झालेल्यांच्या पाठपुराव्यासाठी असतात. निरोगी बाईत कर्करोग शोधायला त्या कामाच्या नाहीत. उष्णतेच्या चित्राला मॅमोग्राफीची जागा घेता येत नाही, त्यात "नॉर्मल" आलं म्हणून गाठ विसरू नका. शिबिराला जरूर जा, पण आयोजकांना विचारा: इथे काही सापडलं, तर पुढे कुठे पाठवणार आणि त्याचे पैसे कोण देणार? ज्यांच्याकडे उत्तर आहे, तेच शिबिर खरं. मावशीच्या शिबिराकडे नव्हतं.

माझ्या आईला होता. मलाही होईल का?

होईलच असं नाही. थोड्याच बायकांत हा आजार वारशाने येतो. पण आई, बहीण किंवा मुलीला कमी वयात झाला असेल, दोघी-तिघींना झाला असेल किंवा घरात बीजकोषाचा कर्करोग असेल, तर तुमचं वेळापत्रक वेगळं. बीआरसीए ही जनुक तपासणी महाग असते आणि सरसकट सरकारी तपासणीत नाही. आधी टाटासारख्या ठिकाणी जनुकीय सल्ला घ्या, मग ठरवा.

सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. आता काय तपासायचं?

या वयात आजार होतो, आणि लाजेने सगळ्यात उशिरा सांगितला जातो. ७० वर्षांपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ही सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. आधारवर काढता येतं. ते काढून ठेवा. त्यांना आंघोळ घालताना किंवा पोलकं बदलताना लक्ष द्या: कातडीला खळी, स्तनाग्र आत ओढलेलं, काखेत गाठ.

पुरुषांना?

क्वचित होतो. छातीत गाठ लागली, तर सर्जनला दाखवायची. योजना त्यांनाही तीच.

तपासणीच्या दिवशी काय लक्षात ठेवू?

पाळी येत असेल, तर पाळी संपल्यावरच्या आठवड्यात तारीख घ्या; तेव्हा दुखणं कमी असतं. मॅमोग्राफीत स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबतात. दुखतं, पण मोजून तेवढाच वेळ. त्या दिवशी काखेत पावडर, डिओ लावू नका, त्याचे कण फिल्ममध्ये ठिपक्यांसारखे दिसतात. साडी किंवा दोन भागांचे कपडे बरे पडतात, कारण कमरेच्या वरचं सगळं उतरवावं लागतं. गळ्यातलं मंगळसूत्र काढायला सांगतात. बायका गोंधळतात, म्हणून आधीच सांगते. सोबत आलेल्या बाईकडे द्या.

पिशवीत आधार, रेशनकार्ड, जुने रिपोर्ट, चिठ्ठी आणि सगळ्यांच्या दोन झेरॉक्स. मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवा. आणि रिपोर्ट कोणत्या दिवशी मिळणार, तो आणायला कोण जाणार, हे दवाखान्यातून निघण्याआधी ठरवा. आमच्या गटात आम्ही ते वहीत लिहितो: बाईचं नाव, तारीख आणि पुढे जिने आणायचं तिचं नाव. रिपोर्ट आला, की त्या ओळीवर रेघ मारतो.